भुताची फळी

९ जुलै

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघी धडधाकट आहोत. फोनवर बोलायचं तर आई हातभर अंतरावर काजं-बटणं करत बसलेली असते, हात कापडावर आणि कान माझ्याकडे. म्हणून हा खटाटोप. उत्तर घरी पाठवू नकोस, शाळेच्या पत्त्यावर पाठव.

हो, शाळेच्या. मी नाव घातलं.

नववीत शाळा सोडून तीन वर्षं घरी बसलेल्या घोडीला कोण घेणार? दादाच्या शाळेने घेतलं. तीच, लाकडाच्या जुन्या वखारीतली, सगळ्या शाळांनी ओवाळून टाकलेल्यांची. परीक्षा नाही, दाखला नाही. मोठ्या बाईंनी एकच विचारलं, "आधीची शाळा का सोडलीस, ते तुझ्या शब्दांत सांग." मी म्हटलं, "वर्गात बसवत नव्हतं." त्या म्हणाल्या, "मग बरं झालं, इथलं बरंचसं उभ्यानेच असतं." झालं, दोन आठवडे बघायचं, त्यांना मी आणि मला त्या पटल्या तर नाव पटावर.

घरचं मोठं माणूस बरोबर लागतं, म्हणून आई आली होती. पण कामाच्या दालनात तिने पाऊलही ठेवलं नाही. तिथे दादा सुतारकाम शिकला, म्हणून असेल. बाईंनी तिला न विचारता पाणी आणून दिलं, जुनी ओळख असल्यासारखं.

बाहेर पडायच्या अटी मात्र सोप्या नाहीत. हजेरी भरायची. भाषा आणि गणिताच्या सरांनी "आता हिला येतं" म्हणायला हवं. बाहेर कुठेतरी एक हंगाम काम करायचं, मी दवाखान्यात पट्ट्या बांधायला जाणार आहे. आणि हाताची दोन कामं. एक स्वतःचं. दुसरं, आधी कुणीतरी अर्धवट टाकून गेलेलं उचलायचं आणि त्याच्या मनात होतं तसं पुरं करायचं. अशा अर्ध्या कामांची एक लांबच लांब फळी आहे. पोरं तिला भुताची फळी म्हणतात. तीन पायांचं स्टूल, अर्धा विणलेला स्वेटर, एकाच काट्याचं घड्याळ. मालक कधीच निघून गेलेले आणि वस्तू त्यांची वाट बघत बसलेल्या. मला तिथून जाताना पाठीवर कुणाचा तरी डोळा असल्यासारखं वाटतं. अजून काही उचललेलं नाही.

हे सगळं केलं की फेब्रुवारीत प्रमाणपत्र, आणि ते असलं की नर्सिंगला प्रवेश. तेवढं एक मला हवंय, ताई. दुसरं काही नको.

घरी तेच. दाराला कडी लावत नाही. जेवायला ताटं मी घेते. दोनच घेतली तर आईच्या जिवाला लागेल, म्हणून मी आपली तीन घेते. तिसरं तसंच उचलून ठेवते. ती काही बोलत नाही.

तुझी,
बारकी


१८ जुलै

प्रिय बारके,

घोडी गंगेत न्हाली म्हणायची. दोन आठवडे टिकलीस हे कळल्याशिवाय मी कौतुक करणार नाही, तुझी धरसोड मला पाठ आहे.

इथे माझं तेच. औषधाच्या भरलेल्या बाटल्या दिव्यासमोर धरायच्या, उलट्या करायच्या आणि आत काही तरंगतंय का बघायचं. दिवसभर पाहून संध्याकाळी खोलीतल्या मुलीचा चेहराही मी दिव्याकडे वळवून बघते. ती म्हणते, तुला वेड लागलंय.

ताटाचं तू बरोबर करतेस. आईचा जीव त्या एका आशेवर टिकून आहे. तीन वर्षांपूर्वी नदीत लाँच उलटली, बाकी सगळे सापडले, आपलाच तेवढा नाही. "सापडला नाही म्हणजे येईल" हे तिचं म्हणणं आपण मोडायचं नाही. मी दर रविवारी फोनवर तिला न चुकता विचारते, "दादाचं काही कळलं?" ती म्हणते, "अजून नाही." बाबा गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस, तेव्हाची आई मी बघितली आहे. पुन्हा बघायची माझ्यात ताकद नाही.

त्या फळीवरचं स्टूल घे. एकच पाय लावायचाय, लवकर सुटशील.

तुझी ताई


३० ऑगस्ट

प्रिय ताई,

टिकले. नाव पटावर चढलं.

स्टूल घेतलं नाही. बसून वाच.

फळीच्या पार टोकाला, जुन्या चादरीखाली, पाटावर काहीतरी होतं. मी चादर उचलली आणि आपल्या गल्लीत उभी राहिले. खोटं नाही सांगत. कोपऱ्यावरचं सायकलवाल्याचं दुकान, वर टांगलेल्या ट्यूबसकट. इस्त्रीवाला. शिंप्याचा जिना, त्याच्या कठड्याला काड्यापेटीच्या काड्या. सगळं बोटाबोटाएवढं. नळावर तारेची बादली आणि तारेचीच बाई, कंबर थोडी वाकडी. तिच्या त्या वाकड्या कंबरेवरून कळलं की ही शेजारची काकू. असं कुणाचंही नुसत्या पाठीवरून ओळखू येण्यासारखं कोण करायचं, ते तुला सांगायला नको.

दादाने हे केलंय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. लाँच बुडायच्या आधीचे काही महिने तो उशिरापर्यंत शाळेत थांबायचा, तो यासाठी.

सगळी घरं उभी आहेत. आपलं तेवढं नाही. आपल्या जागी पेन्सिलने आखलेला चौकोन आहे, नुसता.

एका भिंतीच्या मुळाशी सरस ओघळून सुकलाय आणि त्यात अंगठ्याचा ठसा आहे. मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. भोवती जागा उरली. मग किती तरी वेळ मला तिथून हलताच येईना, वाटलं अंगठा उचलला की मागून कुणीतरी विचारेल, काय करतेस?

सुतार सर जवळ उभे होते. म्हणाले, "घ्यायचंय?" मी हो म्हणून गेले. दुसऱ्या कुणी उचललं असतं तर? कुणा परक्याने आपल्या घरात काय काय ठेवलं असतं?

आईला अजून काही सांगितलं नाही.

बारकी


८ सप्टेंबर

बारके,

ताबडतोब परत ठेव.

मी रागावले नाहीये, घाबरले आहे. ती फळी टाकून दिलेल्या कामांची, असं तूच लिहिलंस. मग त्याचं काम तिथे कसं आलं? त्याने टाकलेलं नाही. कुणाला काय अधिकार त्याला त्यात ढकलायचा? नक्की झाडलोट करताना कुणीतरी चुकून ठेवलं असणार. आणि हे आईच्या कानावर गेलं, की शाळेने परस्पर त्याला गेलेल्यांत जमा केलं, तर ती जिथे असेल तिथे खाली बसेल.

आणि तूही. तिथे एकटी बसून त्याच्या भिंती उभ्या करणार, स्वतःला काहीबाही करून घेशील. स्टूल घे म्हटलं होतं ना?

लगेच उत्तर दे.

ताई


२० नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझी चारही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण तू नाही म्हणणार आणि मी ऐकणार नाही, मग शाई कशाला घालवा.

आपल्या तीन भिंती उभ्या राहिल्या. आता तुला जे सांगते ते हसण्यावारी नेऊ नकोस.

पहिल्या भिंतीची पट्टी कापत होते. दुपारची सुट्टी, दालनात कुणी नाही. करवत चालवली आणि मागून आवाज आला, "च्च." तुला आठवतो ना, आपण काही वेडंवाकडं केलं की तो जीभ टाळूला लावून काढायचा तो? तस्साच. वळून पाहिलं तर कुणी नाही, सर बाहेर हात धूत होते. पट्टी बघितली तर मी उलट्या बाजूने कापली होती.

त्यानंतर पुष्कळदा झालं. खिडकी तिरकी बसली, च्च. सरस जास्त झाला, च्च. पहिल्यांदा मी घाबरले. आता आवाज आला नाही तर भीती वाटते, कारण मग मला एकटीला ठरवावं लागतं. बारकी पोरं माझ्या टेबलाजवळ बसत नाहीत. म्हणतात, ही कुणाशी तरी बोलत असते. बोलत असेनही.

इस्त्रीवाल्याच्या दुकानात तारेचा माणूस पाठमोरा बसवलाय. परवा मी खिडकीतून आत डोकावले आणि एकदम वाटलं, हा आता मान वळवेल आणि तोंड दादाचं असेल. चादर टाकून पळाले. दुसऱ्या दिवशी परत आलेच.

पण खरी अडचण वेगळीच आहे. सुरू करणाऱ्याच्या मनात होतं तसं पुरं करायचं, असा नियम. त्याने गल्लीभर माणसं केली, मग आपल्या घरात तो किती ठेवणार होता? त्याच्या मनातलं मला ठाऊक आहे, चार. पण मी चौथा ठेवला तर आई काय समजेल? आणि तीनच ठेवले तर काय समजेल?

समजेल, कारण तिला यावं लागणार आहे. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर काम मांडायचं आणि एका छपराखाली राहणाऱ्या माणसाने उभं राहून सांगायचं की हे पुरं झालं. मी शिंपीकाकांना आणते म्हटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "शिंपी तुझ्या घरात जेवतो का?" आई आली नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि ते नाही तर नर्सिंग नाही.

आता सांग. पण परत ठेव असं सोडून काहीही सांग.

बारकी


२ डिसेंबर

बारके,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कामावर बाटल्यांऐवजी भिंतीकडे बघत होते.

तो आवाज तुझ्या डोक्यातला आहे. असं मी लिहिते आहे, आणि काल गच्चीवर कपडे वाळत घालताना मीच मागे वळून बघितलं. तेव्हा जाऊ दे.

ऐक. मोठ्या बाईंकडे सरळ जा. म्हणावं, हे काम चुकून फळीवर आलंय, माझा भाऊ अजून हरवलेल्यांत आहे, गेलेल्यांत नाही. ते होतं तिथे नेऊन ठेवा. चूक त्यांची आहे, तेव्हा तुला दुसरं काम पुरं करायला मुदत त्यांनी द्यायला हवी. नाहीच दिली तर नर्सिंगला पुढच्या वर्षी जा. तुझं एक वर्ष गेलं तर भरून निघेल. आईचं काही झालं तर कशाने भरशील?

मला चीड येते आहे तुझी, आणि तू तिथे एकटी असतेस म्हणून काळजीही वाटते आहे. दोन्ही खरं.

ताई


११ जानेवारी

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. बाईंकडे गेले आणि तावातावाने सगळं बोलले. चूक, अधिकार, हरवलेला, गेलेला, तुझेच शब्द.

त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, "फळीवर कुठलीच वस्तू चुकून येत नाही."

इथली पद्धत अशी आहे. कुणी शाळा मध्येच सोडली की त्याचं काम वरच्या खोलीत जातं आणि तिथे राखून ठेवतात, कितीही वर्षं. खाली फळीवर ते आणतं कोण, तर तो मुलगा स्वतः, नाहीतर त्याच्या घरचं माणूस. शिपाई नाही, सर नाही, बाईसुद्धा नाहीत. घरच्याने वर जायचं, आपल्या हाताने उचलायचं, जिना उतरायचा आणि फळीवर ठेवायचं. ठेवलं म्हणजे सोडलं.

मी विचारलं, "आमच्या घरून कोण आलं होतं?" आणि विचारतानाच मला कळलं. तू नव्हतीस, मी नव्हते. मग उरतं कोण?

लाँच बुडाली त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता. आई एकटी आली होती. सर म्हणाले, एवढा जड पाट, मी एक बाजू धरतो. तिने धरू दिली नाही. जिन्यावर दोनदा टेकली. फळीवर ठेवून वर आपली चादर घातली. ती चादर आपल्याच घरातली आहे, ताई. इतके महिने मी ती रोज उचलत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं? बाई म्हणाल्या, "आम्ही कुणाचं सांगत नाही. विचारलं तर लपवत नाही."

तीन वर्षं, ताई. तिने त्याला तीन वर्षांपूर्वीच सोडलंय. मग घरात आम्ही कुणाची वाट बघतोय?

त्या दिवसापासून "च्च" ऐकू आलेलं नाही. आज चौथी भिंत कुणालाही न विचारता लावली. दालन इतकं रिकामं मला कधी वाटलं नव्हतं.

बारकी


१९ जानेवारी

बारके,

तुझं पत्र खिशात ठेवून कामाची पाळी केली. दोन खराब बाटल्या माझ्या हातून चांगल्यात गेल्या.

तुला एक सांगते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं की तो येणार नाही. कसं ते विचारू नकोस, सकाळी उठले आणि कळलं. त्यानंतर दर रविवारी मी जे विचारत आले, ते तिच्यासाठी. आणि ती "अजून नाही" म्हणत आली, ते कुणासाठी?

आईला काही विचारू नकोस. नुसतं ये म्हण. येईल ती.

मला येता येणार नाही. इथे लग्न नाहीतर मयत, तिसऱ्या कारणाला रजा नाही, आणि तुझ्या गल्लीचं मी यांना काय सांगू? तू चौघं ठेव. त्याच्या मनात होते तेवढे ठेव.

ताई


२५ फेब्रुवारी

मोठे,

आईचं पत्र म्हणून चमकशील. फोनवर हे मला बोलता येणार नाही, आणि तू मध्ये रडलीस तर मी गप्प बसेन, म्हणून लिहिते. बारकीने तुझी सगळी पत्रं मला वाचायला दिली, आणि तिने तुला काय लिहिलं तेही सांगितलं. तुझ्या संमतीने नाही दिली, तिला बोलू नकोस.

काल शाळेत गेले. ती काय करते आहे ते मला सप्टेंबरातच कळलं होतं. त्याच्या कपड्यांना जो सरसाचा वास यायचा, तो हिच्या ओढणीला यायला लागला. मी धुवायला घेतली आणि तशीच हातात घेऊन बसले. वाटलं, मी फळीवर ठेवलं ते परक्या कुणाच्या हातून पुरं व्हावं म्हणून, आणि उचललं माझ्याच पोरीने. अडवणार होते. मग वाटलं, तिला काही सांगायचं असेल तर ती सांगेल. ती सांगेना, मी विचारेना. आपल्या घराची रीतच झाली आहे ही.

लाँच बुडाल्यावर आठव्या दिवशी मी नदीवर गेले होते. तुम्हाला मी बाजारात जाते म्हटलं होतं. तिथे बसून पाणी बघितलं. त्या पाण्यातून कुणी परत येत नाही, हे कुणी सांगायला लागलं नाही. घरी आले तर तू हुंदके देत होतीस, म्हणून मी म्हटलं, "सापडला नाही म्हणजे येईल." एकदाच म्हटलं गं मी. पुढे तुम्हीच ते धरून ठेवलंत. तू कामाला गेलीस तेव्हा दारातून सांगून गेलीस, कडी लावू नका हं. मी लावली नाही. बारकी तिसरं ताट घ्यायला लागली. मला वाटलं, पोरीला त्याशिवाय घास उतरत नसेल, म्हणून मी बोलले नाही. रविवारी तू विचारायचीस आणि मी "अजून नाही" म्हणायचे, कारण "नाही" म्हटलं तर एवढ्या लांब तुझे डोळे कोण पुसणार? एकमेकींना जपता जपता आपण तिघींनी मिळून त्याला ना धड घरात घेतलं, ना धड जाऊ दिलं. तो बिचारा इतकी वर्षं उंबऱ्यावरच उभा.

काल बारकीने काम मांडलं. आपलं घर उभं आहे. आत चौघं. मी शिलाईवर, तू आरशासमोर, बारकी उताणी पडलेली, आणि तो दारातल्या पायरीवर बसून काहीतरी तासतोय. पोरगी माझ्याकडेच बघत होती. मोठ्या बाईंनी विचारलं, "घरच्यांनी सांगावं, हे पुरं झालं का?" मी म्हटलं, "हे घर तेव्हाचं आहे. तेव्हा आम्ही चौघंच होतो. बरोबर आहे." मग त्यांनी विचारलं, ज्याने सुरू केलं त्याच्या वतीने कोण बोलणार? सगळी शाळा बसलेली. मी उभीच होते. म्हटलं, "मी त्याची आई. तो गेला. हे पुरं झालं."

तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडलं ते. मला वाटलं होतं छप्पर खाली येईल. काही झालं नाही. कुणीतरी खुर्ची सरकवली, बाहेर रस्त्यावर गाडी गेली.

तिला प्रमाणपत्र मिळालं. सोमवारी नर्सिंगच्या प्रवेशाला जायचं आहे. घरी येताना वाटभर ती माझा हात धरून होती, लहानपणी धरायची तसा. पण ती रडली नाही आणि मीही नाही. दोघीही तुझ्यासाठी थांबलो आहोत असं वाटलं. तुला सोडून सुरुवात कशी करायची?

तेव्हा तू ये. मिळेल त्या गाडीने ये, सामान आणू नकोस. रजेला कारण लागतं, असं तू लिहिलं आहेस. भाऊ गेला, असं सांग.

तुझी आई